३४ पत्रं आणि एक करडी पेटी

आजोबांची ३४ पत्रं सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. सगळी दुसऱ्या महायुद्धातली. १९४२ ते १९४५, आधी मध्यपूर्व आणि मग इटली. आजीने ती पत्र्याच्या ट्रंकेत सुती फडक्यात बांधून ठेवली होती. तिच्यामागे मामाने सांभाळली. मामाला आता वाचता येईनासं झालंय, तेव्हा त्याने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "तू नीट ठेवशील." नीट ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. म्हणून जुनी कागदपत्रं जपण्यासाठी तयार संच मिळतो तो मागवला. सहा महिने वापरल्यावर त्याबद्दल लिहिते आहे.

कंपनीचं नाव देत नाही. संचासोबतच्या माहितीपत्रकातल्या चुका मी त्यांना कळवल्या आहेत, उत्तर अजून यायचंय. शिवाय असे संच अनेक जण विकतात आणि आतल्या वस्तू बहुतेक सारख्याच असतात. करड्या जाड पुठ्ठ्याची पेटी, मधोमध दुमडलेले २० कागदी फोल्डर, पॉलिएस्टरचे ५० पारदर्शक पाउच, मधे घालायची कार्डं, सुती हातमोजे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि चार पानी पत्रक.

आधी पेटीबद्दल, कारण ती खरोखर उत्तम आहे. कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या आहेत, समोरची बाजू खाली पडते, त्यामुळे कागद वरून उपसावे लागत नाहीत, अलगद पुढे ओढून घेता येतात. पुठ्ठा आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त असल्याचं छापलेलं आहे. हे शब्द मला आधी जाहिरातीचे वाटायचे. पण युद्धकाळातला कागद हातात धरला की ते समजतात. तेव्हा चांगला कागद मिळत नव्हता. लाकडाच्या स्वस्त लगद्याचा कागद वापरात होता, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं आणि तंतू तुटत जातात. आजोबांचं १९४२चं एक पत्र घडीवर असं झालंय की बोट लावलं तर पापडासारखं मोडेल. अशा कागदाला पुन्हा आम्ल असलेल्याच पुठ्ठ्यात ठेवणं म्हणजे आजाऱ्याला आजाऱ्याशेजारी निजवणं. या पेटीच्या आणि फोल्डरच्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, ते आम्ल शोषून घेतं.

छापलंय म्हणून मी विश्वास ठेवला नाही. कागदाचा पीएच, म्हणजे आम्लता, तपासायचं एक पेन मिळतं, त्याची रेघ आम्लमुक्त कागदावर जांभळी दिसते आणि आम्ल असलेल्यावर पिवळी. (पत्रावर ते चुकूनही टेकवू नका, रेघ कायमची राहते.) पेटीच्या आतल्या बाजूला जांभळी रेघ आली. फोल्डरवर जांभळी. आणि मधे घालायच्या कार्डांवर स्वच्छ पिवळी. म्हणजे पेटी चांगली, फोल्डर चांगले आणि त्या दोघांच्या मधोमध, पत्रांना टेकून उभी राहणारी कार्डं साध्या पुठ्ठ्याची! मी सगळी काढून टाकली आणि एका फोल्डरच्या पट्ट्या कापून त्यावर वर्षं लिहिली. शाईने नाही, पेन्सिलने.

आता पाउच. माझी खरी तक्रार इथे आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण घरातल्या युद्धपत्रांसाठी कोणी हा संच घेतला तर पहिलं नुकसान इथेच होईल.

पाउच पॉलिएस्टरचे आहेत, हे चांगलं. पीव्हीसीचे स्वस्त पाउच कधी वापरू नयेत, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि वर्षांनी अक्षरं प्लॅस्टिकला चिकटतात. पॉलिएस्टर तसं काही करत नाही. पण त्याच्यावर स्थिर वीज साठते. कोरड्या हवेत पाउच उघडताना अंगावरचे केस उभे राहतात ना, तेच. शाईच्या पत्राला त्याने काही होत नाही. पेन्सिलचं पत्र असेल तर मात्र कागदावर नुसता टेकून राहिलेला शिशाचा कण ते ओढून घेतं. आणि आघाडीवरच्या शिपायाने पत्र कशाने लिहिलेलं असणार? दौत घेऊन कोण खंदकात बसणार? आजोबांची ३४पैकी १९ पत्रं पेन्सिलची आहेत.

पत्रकात लिहिलंय, "सर्व पत्रे उलगडून, सपाट करून पाउचमध्ये ठेवावीत." मी पहिल्या आठवड्यात चार पेन्सिलची पत्रं तशी ठेवली. वाचण्यासाठी दोन-तीनदा बाहेर काढली, आत सारली. मग एका सकाळी रिकामा पाउच उजेडाकडे धरला तर आतल्या बाजूला करड्या रंगाची अस्पष्ट सावली होती. उलटी अक्षरं. "खुशाल" एवढं तर मला वाचताही आलं. ऐंशी वर्षं ट्रंकेत, फडक्यात, दमट पावसाळ्यात ते अक्षर टिकलं होतं आणि माझ्या हातून आठ दिवसांत थोडं का होईना उतरलं. त्या दिवशी मी सगळी पेन्सिलची पत्रं फोल्डरमध्ये हलवली. एका फोल्डरमध्ये एकच पत्र, वर गुळगुळीत आम्लमुक्त कागद. पुढे बाकीची पत्रंही तशीच ठेवली, आणि फोल्डर २०च असल्याने जास्तीचे घ्यावे लागले. पाउच ५० आणि फोल्डर २० हे प्रमाणच उलटं हवं.

दुसरी गोष्ट, पाउच तीन बाजूंनी बंद आहेत. पत्र वरून आत सरकवावं लागतं. धडधाकट कागदाला चालेल. आजोबांच्या १९४५च्या एका पत्राला सेन्सॉरने, म्हणजे शिपायांची पत्रं तपासणाऱ्याने, ब्लेडने खिडकी पाडलेली आहे, बोटाच्या पेराएवढी. सरकवताना तिची कड अडकली. मी थांबले म्हणून फाटलं नाही. दोन बाजूंनी उघडणारे पाउच मिळतात, ते पुस्तकासारखे उघडायचे, पत्र आत ठेवायचं आणि मिटायचं. युद्धपत्रांसाठी तेच घ्यावेत.

त्या खिडकीबद्दल सांगते. पत्र एप्रिल १९४५चं, आजोबा इटलीत होते. "आम्ही" म्हणून सुरुवात होते, मग खिडकी, मग "नदी ओलांडली. मी खुशाल आहे. काळजी नसावी." नदीचं नाव कापलंय, पण तारीख ठेवलीय. ९ एप्रिलच्या संध्याकाळी सेनिओ नदीवर हल्ला सुरू झाला होता आणि त्याच लढाईत मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीपार नेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आजोबा त्याच रेजिमेंटचे, तेव्हा ते नाव मला कळलंच. पण सेन्सॉरने पुढची बाजू वाचून ब्लेड चालवलं तेव्हा मागच्या बाजूचे शब्दही गेले. मागे आहे, "आईला सांगावे की" आणि मग ती खिडकी. काय सांगावे ते गेलं. मामाला विचारलं, आजीला विचारायचं कधी सुचलं नाही म्हणाला.

म्हणून मला पत्रकातली तिसरी सूचना फार खटकली. "पाकिटे वेगळी काढून ठेवावीत किंवा टाकून द्यावीत." टाकून? शिपायाला आतल्या कागदावर ठिकाण लिहायची परवानगी नव्हती, पलटण कुठे हलली ते लिहायची नव्हती, कोण पडलं हे लिहायची नव्हती. जे आत लिहिता येत नव्हतं ते बाहेरच्या पाकिटावर आहे. तिकिटाच्या जागी "ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस", म्हणजे लढाईच्या कामगिरीवर. फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात नंबर आणि तारीख. सेन्सॉरचा शिक्का. पत्त्यात आधी एम.ई.एफ., म्हणजे मध्यपूर्वेतलं सैन्य, आणि पुढे सी.एम.एफ., मध्य भूमध्यसागरातलं सैन्य. एवढ्या दोन अक्षरांच्या फरकातून आजीला कळलं असेल का, की नवरा समुद्र ओलांडून गेला? मला तर ऐंशी वर्षांनी त्याच्यावरूनच कळलं. मी प्रत्येक पत्र आणि त्याचं पाकीट एकाच फोल्डरमध्ये ठेवलंय, मधे कागद घालून.

आणि चौथी सूचना तर धोक्याची आहे. घड्या सपाट करायला "पाण्याचा हलका फवारा" मारायला सांगितलंय. कशाने लिहिलंय ते न बघता! त्या काळात कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरात होती. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, ओली झाली की गडद जांभळी होते आणि पसरते. तिच्या शिशात रंग मिसळलेला असतो. खोडता येत नाही म्हणून हिशेबासाठी तिचा वापर होई आणि शाईची दौत सांभाळायला नको म्हणून शिपायांना ती सोयीची. आजोबांच्या एका पत्रात "पाऊस पडला का" या ओळीवर कधीतरी एक थेंब पडलाय, तिथे जांभळा डाग पसरलाय. तो डाग दिसला म्हणून मी फवाऱ्याची बाटली खाली ठेवली. नाहीतर अख्खं पान गेलं असतं. घड्या मोडायच्या असतील तर कोरड्या कागदांच्या मधे, वर साधं वजन ठेवून, दोन-तीन आठवडे थांबावं. आणि नाही मोडल्या तर नाही मोडल्या. ती घडी आजोबांनी घातलेली आहे.

हातमोजे वापरू नका. सुती मोज्यांत बोटांना कागद कळत नाही आणि फाटक्या कडेला धागा अडकतो. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करावेत, बस. फोटो असतील तर मात्र बोटांचे ठसे उमटतात, तिथे रबरी पातळ मोजे घालावेत. ओल शोषणाऱ्या पुड्या ठीक आहेत, पण त्या पेटीत टाकून विसरून जायच्या नसतात. मी एक छोटा आर्द्रतामापक आणून ठेवलाय, काटा पन्नासच्या वर गेला की पुड्या वाळवते. पत्रकात हेही सांगितलेलं नाही.

पत्रकात एक गोष्ट मात्र अगदी बरोबर आणि ठळक अक्षरांत लिहिलीय, तिचं कौतुक करते: चिकटपट्टी लावू नका, लावलेली असेल तर स्वतः काढू नका, आणि लॅमिनेशन कधीही करू नका. आमच्या घरात दोन्ही झालंय. एका पत्रावर कोणीतरी प्रेमानेच चिकटपट्टी लावली होती, ती आता तपकिरी पट्टा होऊन शब्दांवर बसलीय. दुसरं पत्र लॅमिनेट केलेलं आहे, ते कागद म्हणून गेलंच. ते परत सोडवता येत नाही.

माझ्याकडे आहेत ती पत्रं भारतीय शिपायाची, पण कुणाच्या घरी दुसऱ्या सैन्यातली असतील तर संच घेण्याआधी एवढं बघावं. अमेरिकन व्ही-मेल, १९४२ ते १९४५, हे कागदावर लिहिलेलं पत्र नसतं. मूळ पत्राचा सूक्ष्मफिल्मवर फोटो काढून, फिल्म समुद्रापार पाठवून, तिकडे त्याचा तळहाताएवढा फोटो छापून देत. दीड लाख पत्रांना ३७ पोती लागत, ती अशी एका पोत्यात मावत. म्हणजे घरी आला तो फोटोचा कागद, त्याला फोटोसाठी तपासलेलाच पाउच हवा. या संचाच्या पाउचवर तसं चिन्ह आहे, हे चांगलं. सोव्हिएत सैनिकांची पत्रं त्रिकोणी घडीची. पाकिटं मिळत नव्हती म्हणून कागदालाच दुमडून पाकीट करत आणि पत्ता बाहेर लिहीत. ती "उलगडून सपाट" केली तर ते पत्र उरेल पण तो त्रिकोण उरणार नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचं छापील कार्ड होतं, "मी अगदी बरा आहे", "मला इस्पितळात दाखल केलं आहे" अशी वाक्यं छापलेली, नको ती खोडायची, सही-तारखेखेरीज काही जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाई. अशा कार्डावर खोडलेली रेघ हाच मजकूर असतो. ती पेन्सिलची असेल तर पुन्हा तेच, पाउच नको.

मी इतकी का तावातावाने लिहिते आहे, याचं कारणही सांगते. पहिल्या महायुद्धात १९१४मध्ये भारतीय फौज फ्रान्सला गेली, तेव्हा त्यांची पत्रं तपासायला खास सेन्सॉर कचेरी बसवली. शिपाई हुशार होते, काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असं लिहून घरच्यांना कुणाची किती माणसं मेली ते कळवत. सेन्सॉरने निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालांना जोडले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अभ्यासक त्यांच्यावरूनच त्या शिपायांबद्दल लिहितात. मूळ पत्रं घरोघरी गेली आणि बहुतेक संपली. पावसाने, वाळवीने, चुलीने. ज्याने पत्र लिहिलं त्याची भाषा गेली, तपासणाऱ्याचं भाषांतर राहिलं. घराघरांतल्या ट्रंकांत दुसऱ्या महायुद्धातली जी काही उरली असतील त्यांचं तरी तसं होऊ नये.

आता या पेटीने मला काय दिलं ते. तारीखवार लावायला भाग पाडलं. गाठोड्यात पत्रं उलटसुलट होती, मामाही हाताला येईल ते वाचायचा. पेटीत वर्षांप्रमाणे उभी लावली तेव्हा पहिल्यांदा अक्षर दिसलं.

१९४२ आणि १९४३ची पत्रं मोडी लिपीत आहेत, वळणदार, एका लयीत. आजोबांना तेव्हा लिहिता येत नव्हतं. पलटणीतला कोणीतरी लिहून देई. खाली आजोबांचा अंगठा. सुरुवात नेहमीची, "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि." पत्र वडिलांच्या नावे, आजीची चौकशी कधी थेट नाही, "घरची मंडळी कशी आहेत" एवढंच. मोडी मला येत नव्हती, जाणकारांकडून वाचून घेतली. मे १९४४पर्यंत हेच हस्ताक्षर आहे. मग दोन महिने पत्रच नाही. त्यानंतर पुढचं पत्र येतं ते बाळबोध लिपीत, पेन्सिलने, एकेक अक्षर सुटं आणि मोठं, ओळ वर चढत गेलेली. चार ओळी. "मी खुशाल आहे. आता मीच लिहितो. चुकले तर माफी असावी. उत्तर पाठवावे." मोडी लिहिणाऱ्या त्या माणसाचं पुढे एकाही पत्रात नाव नाही. आधीही नव्हतं. तो बदलून दुसरीकडे गेला असेल, किंवा काय झालं असेल. लिहायला परवानगी नव्हती आणि आजोबांनी पुढे घरी कधी सांगितलं नाही.

मामा ती चार ओळींची चिठ्ठी लहानपणापासून वाचत आला होता. "बाबांचं अक्षर किती वाईट" म्हणून आम्ही सगळे हसायचो. ती कुठल्या पत्रानंतर येते हे त्याला माहीत नव्हतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझं मत विचाराल तर दहापैकी सहा. पेटीला आणि फोल्डरला पूर्ण गुण, तीन बाजू बंद पाउचना आणि कार्डांना कमी, पत्रकाला जवळजवळ नाहीच. पेटी आणि फोल्डर सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या. हात लावण्याआधी प्रत्येक पत्राचे, पाकिटासकट, दोन्ही बाजूंचे नीट उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे वाचण्यासाठी मूळ कागद पुन्हा पुन्हा बाहेर काढावा लागणार नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर "खुशाल" पाउचवर उतरलं नसतं.

पेटीत अजून जागा आहे. मावशीकडे चार पत्रं भिंतीवर फ्रेममध्ये आहेत, खिडकीसमोर, उन्हात. तिला पाच फोल्डर पाठवलेत आणि पुढच्या महिन्यात स्वतः जाऊन ती काचेतून काढणार आहे. त्यातलं एक जून १९४४चं आहे असं ती म्हणते. कोणत्या अक्षरातलं आहे ते तिला विचारलं, तर म्हणाली, काचेवर उजेड पडतो, नीट दिसत नाही.